काळ्याशिवायचा पारवा

पारवा रंग बाटलीत विकत मिळत नाही. राखाडी मिळतो, पण तो पारवा नव्हे. कबुतराच्या पाठीवर असतो तो, निळ्याकडे कललेला आणि आत कुठेतरी ऊब धरून असलेला, आपला आपणच करून घ्यावा लागतो. रेझिनमध्ये, म्हणजे साच्यात ओतून घट्ट करायच्या पारदर्शक रसात, तर फारच जिकिरीचं काम. रेझिन काचेसारखं स्वच्छ दिसलं तरी त्याच्या पोटात किंचित पिवळेपणा असतो, आणि प्रत्येक फिकट रंगात तो न बोलावता येऊन बसतो. त्याला मारायला टूथपिकच्या टोकावर मावेल एवढा जांभळा घालायचा. दुसरं टोक घातलं की बिघडलं.

झाशीत, नगरा मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी हे काम करते. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, घर रिकामं झालं, तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. ट्रे, ताटल्या, फोटोफ्रेमी करते, सदर बाज़ारातल्या एका गिफ्टच्या दुकानात त्या विकल्या जातात. दुकानदार म्हणतो, "भाभी जी, आपके कलर चिल्लाते नहीं हैं।" मीही चिल्लाणाऱ्यांतली नाही. सासरी सगळ्यांना ठाऊक आहे, धाकटी कधी काही बोलत नाही. काही सांगायचं झालं तर माझ्यासमोर निर्धास्तपणे सांगतात, आणि काही बोलून घ्यायचं झालं तर तेही माझ्यासमोरच.

मी एकदा सूड घेतला. रंग कालवून घेतला. त्याबद्दल कित्येक महिने घरातही बोलले नव्हते, म्हणून आता सगळं लिहिते आहे.

माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते, खंडेराव गेटजवळ राहतात. सासरचं मूळ घर तेच. त्यांचं माहेरही झाशीतल्या जुन्या मराठी घरांपैकी, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या लोकांचं. मी रेल्वेवाल्यांची. माझे वडील नोकरीपायी भुसावळहून इथे आले. जुन्या घरांच्या लेखी आम्ही उद्या बदली झाली की जाणारे लोक. आम्ही कुठेच गेलो नाही, ही गोष्ट वेगळी.

लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत त्याच घरात झाली. एरवी सणावाराला काळं नेसत नाहीत, पण संक्रांतीला नव्या सुनेनं काळीच साडी नेसायची आणि अंगावर हलव्याचे दागिने घालायचे. साखरेच्या काटेरी पांढऱ्या दाण्यांचे हार, बांगड्या, बाजूबंद. संध्याकाळी सवाष्णी हळदीकुंकवाला येतात, त्यांना वाण द्यायचं, तिळगूळ द्यायचा. आरशात बघताना मला मनापासून वाटलं होतं की आज मी छान दिसते आहे. वहिनींनी मला हाताला धरून बैठकीत आणलं, पाटावर बसवलं, दोन पावलं मागे सरकून बघितलं आणि जमलेल्या बायकांना म्हणाल्या, "काळ्यावर काळं! बरं झालं बाई हलवा पांढरा असतो, नाहीतर सूनबाई शोधायला बॅटरी आणावी लागली असती."

सगळ्या हसल्या. मीही हसले. हसताना हलव्याचा हार हलला आणि त्यातला एक दाणा गळून मांडीवर पडला, तो मी उचलून तोंडात टाकला. त्या दाण्याची चव मला अजून आठवते.

माझ्यापुरतं मी ते गिळलंही असतं. पण मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली आणि वहिनी तिला म्हणाल्या, "आईवर गेलीस गं सगळी. मसुराचं पीठ लाव, काही उतरतंय का बघ." म्हणण्यात राग नव्हता, उलट लाडच होता. दोन-तीन दिवसांनी मुलगी न्हाणीघरातून लवकर बाहेर येईना. मी दार ढकललं. टाचा घासायची वज्री घेऊन ती मान आणि दंड घासत बसली होती. दंडावर रक्ताचे बारीक थेंब आले होते. माझ्याकडे बघून ती अगदी आशेनं म्हणाली, "आई, थोडंसं निघालंय बघ."

मी खोबरेल तेल लावलं. वज्री कोनाड्यात उंच ठेवून दिली. वहिनींना एक अक्षर बोलले नाही. मुलगी आता मोठी आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे, पण संक्रांतीला झाशीला येत नाही. दर वर्षी काहीतरी काम निघतं. मी विचारत नाही.

मग वहिनींच्या मुलानं लग्न ठरवलं. स्वतःच ठरवलं. मुलगी दतियाकडची, घरात हिंदी आणि बुंदेली बोलणारी, शाळेत शिकवणारी. रंग माझ्या लेकीचा. म्हणजे तंतोतंत. मी रंगात काम करणारी बाई, मला फोटो बघूनच कळलं. वहिनींनी पुष्कळ आदळआपट केली, पण मुलगा हटला नाही, तेव्हा लग्न थाटात करून दिलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, "नाकीडोळी नीटस आहे हो." याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

डिसेंबरात एक दिवस दोघी ऑटोनं माझ्याकडे आल्या. वहिनींनी पिशवीतून मलमलमध्ये गुंडाळलेली पैठणी काढली. पारवी. काठ जुनाट सोन्याचे आणि अंग अगदी कबुतराच्या पाठीचं. त्यांच्या आईची होती.

"सूनबाईची पहिली संक्रांत आहे. वाण तुझ्याकडूनच करून घ्यायचं ठरवलंय. कुंकवाच्या छोट्या ताटल्या. पण याच रंगाच्या हं. मी ही नेसणार, आणि ताटल्या हिला जुळल्या पाहिजेत. जुळल्या म्हणजे अगदी जुळल्या."

नवी सून पैठणीवरून हात फिरवत होती. ती हळूच म्हणाली, "मम्मी जी, मोतिया ले लें? कुंकू उस पर ज़्यादा खिलेगा।"

"तू राहू दे गं," वहिनी म्हणाल्या. "तुला आमच्यातलं नाही कळत."

सुनेनं हात मागे घेतला, मोत्याच्या फिकट रंगाची गोष्ट तिथेच राहिली. मी पैठणीचा पदर खिडकीशी नेऊन बघत होते आणि पुढचं सांगायच्या तयारीत होते. ते पुढचं काय, हे इथे सांगितलंच पाहिजे, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही.

करडेपणा दोन तऱ्हांनी आणता येतो. पांढऱ्यात काळ्याचं टोक घातलं की झाला. असा करडा कुठल्याही उजेडात करडाच राहतो, पण जरा मेलेला दिसतो. दुसरी तऱ्हा म्हणजे निळा आणि तपकिरी एकमेकांत जिरवायचे. दोघं एकमेकांना दाबतात आणि उरतो तो जिवंत करडा. दिवसाच्या उजेडात त्याच्याइतकं देखणं काही नाही. पिवळा दिवा लागला की मात्र निळा खाली बसतो आणि तपकिरी वर येतो. हे मला एका गिऱ्हाइकानं शिकवलं. माझी फ्रेम घेऊन तो दुकानात परत आला आणि तावातावानं म्हणाला, "यहाँ नीली थी, घर जाते ही भूरी हो गई। बीवी पूछ रही है, चश्मा घर भूल गए थे क्या?" तेव्हापासून दिव्याखाली राहणाऱ्या वस्तूत मी आधी काळ्याचा बारीकसा आधार देते आणि मग त्यावर निळा-तपकिरी चढवते. रंग जिवंत राहतो आणि ढळतही नाही.

म्हणून मी म्हटलं, "वहिनी, यात थेंबभर काळा घालावा लागेल."

"काळा? वाणात?" त्यांनी पैठणी माझ्या हातातून काढूनच घेतली. "अगं, सवाष्णींना कुंकवासाठी द्यायच्या आहेत त्या. काळ्याचा थेंबसुद्धा नको. साडीचं वेगळं, ती आपण नेसतो. वाणात काळं म्हणजे... तुझ्याकडे रेल्वेत चालत असेल."

"पण वहिनी, रंग..."

"ते मला काही सांगू नकोस. काळा नको म्हणजे नको."

मी गप्प बसले. नेहमीसारखीच बसले, पण या वेळी गप्प बसताना बरं वाटलं. त्यांची बैठक माझ्या डोळ्यांसमोर आली. लग्नाच्या वेळी त्यांनी छत नवीन करून घेतलं होतं आणि कडेनं मऊ पिवळे दिवे बसवले होते, त्यात सगळे गोरे दिसतात म्हणून. हळदीकुंकू संध्याकाळी असतं. जानेवारीत सहा वाजता तर अंधार पडलेला असतो.

"बरं," मी म्हटलं. "काळा नाही घालत."

इथपर्यंत माझ्याकडे बोट दाखवता येत नाही. त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. पण मी एवढ्यावर थांबले नाही. माझ्याकडे निळ्याच्या दोन बाटल्या आहेत. एक निळा हिरवटाकडे कललेला, तो दिव्यातही बऱ्यापैकी तग धरतो. तो घेतला असता तर काळ्याशिवायही ताटल्या थोड्या मळकट दिसल्या असत्या, फार तर कुणी लक्षही दिलं नसतं. दुसरा निळा जांभळटाकडे कललेला, पिवळ्या दिव्यात तो पार ढासळतो. मी दोन्ही बाटल्या हातात घेऊन उभी होते, आणि मला स्वच्छ आठवतं, माझ्या मनात वहिनींचा चेहरा नव्हता. वज्री होती.

मी दुसरी बाटली उघडली.

त्या दिवसांत झाशीत इतका कोहरा होता की समोरच्या गच्चीवरचे कपडे दिसत नव्हते. थंडीत रेझिन मधासारखं घट्ट होतं, बाटली कोमट पाण्यात ठेवून सैल करावी लागते. सगळ्या ताटल्यांचा रंग एकसारखा यावा म्हणून मी सगळं रेझिन एकाच भांड्यात रंगवून घेतलं. ते घट्ट करणारा हार्डनर नंतर, थोडं थोडं घेऊन. एकदा हार्डनर पडला की वेळ आपल्या हातात राहत नाही, म्हणून रंगाचे सगळे निर्णय त्याच्या आधी घ्यायचे असतात. मी दोन दिवस घेतले. पांढऱ्यात निळा, मग तपकिरीचं टोक, मग परत निळा, मग पिवळेपणा मारायला जांभळा. प्रत्येक वेळी पांढऱ्या पुठ्ठ्यावर एक थेंब काढायचा आणि पैठणीच्या चिंधीशेजारी धरायचा. चिंधी वहिनींनीच आतल्या टोकाकडून काढून दिली होती. शेवटचा थेंब चिंधीशेजारी ठेवला तेव्हा तो दिसेनासा झाला. आयुष्यात इतकी तंतोतंत जुळणी मी कधी केली नव्हती, नंतरही केली नाही. हे सांगताना लाज वाटायला हवी, पण मला त्या रंगाचा अजून अभिमान आहे.

थंडीत माल नीट जमावा म्हणून मी एक खोका केला आहे. थर्माकोलचा, आत जुना पिवळा बल्ब लावलेला, ऊब राहावी म्हणून. साचे त्यात ठेवले आणि संध्याकाळी झाकण उचललं. आत ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाच्या ताटल्या होत्या. शिळ्या चहाच्या. अस्थी भरून आणतात त्या मडक्याच्या. मी झाकण खाली ठेवलं, पुन्हा उचललं. हार्डनर पडून गेला होता, पण फेकून देऊन नव्यानं करायला हाताशी पुष्कळ दिवस होते. मी चहा करून घेतला आणि तो प्याले. बराच वेळ झाकण उघडं ठेवून बघत बसले.

संक्रांतीच्या आधी ऊन पडलं तेव्हा वहिनी बघायला आल्या. मी ताटल्या गच्चीवरच मांडल्या होत्या. त्यांनी पैठणी मांडीवर घेतली, एक एक ताटली तिच्यावर ठेवून पाहिली आणि शेवटी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "धाकटे, तुझा हात साफ आहे हो. हे मात्र मानलं."

इतक्या वर्षांत त्यांनी केलेली ती पहिली स्तुती. मी म्हटलं, "तुम्हीच पास केलं, वहिनी, म्हणजे झालं."

आणि मग ती संध्याकाळ. नवी सून पाटावर बसली होती. काळी साडी, हलव्याचे दागिने, केसांत हलव्याची बिंदी. फार गोड दिसत होती. शेजारी वहिनी पारवी पैठणी नेसून, आणि दोघींच्या मधे मोठ्या परातीत ताटल्या. छतातले दिवे लागलेले होते. पैठणी त्या दिव्यांत पारवीच होती, जुन्या रंगाऱ्यांनी काय वापरलं होतं कोण जाणे. आणि तिच्या पदराला टेकून माझ्या ताटल्यांचा तो ढीग. प्रत्येकीवर हळद आणि कुंकू वाहिलेलं. त्या रंगावर कुंकू एखाद्या चिघळलेल्या जखमेसारखं दिसत होतं.

वहिनींचं आधी लक्ष नव्हतं. पहिल्या चार-पाच बायकांनी वाण घेतलं आणि एकमेकींकडे बघितलं. मग एक म्हातारी मावशी, जिला कुणाचीच भीडभाड नाही, ताटली डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "अगं, यावर चहा सांडलाय का?"

"नाही हो मावशी, पारवा रंग आहे."

"पारवा? हा? हे तर दहाव्याला नेतात तसलं काहीतरी दिसतंय."

कुणीतरी खुसखुसलं. वहिनींनी परातीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पदराकडे, मग पुन्हा परातीकडे. त्यांचा चेहरा मी बघत होते. त्यासाठीच तर मी आले होते, दाराजवळची जागा धरून, जिथून सगळं दिसेल. त्यांच्या कानशिलांपर्यंत रंग चढला आणि उतरला. मला आनंद झाला. मी तो लपवूनही ठेवला नाही, तिळगुळाची वडी तोंडात धरून तो चघळत बसले. काळ्यावर काळं. आता बॅटरी आणा.

आणि मग वहिनी हसल्या. हसून बायकांना म्हणाल्या, "काय सांगू बाई! सूनबाईंची पसंत. मी म्हणत होते, मोतिया घ्या, कुंकू खुलून दिसेल. पण तिला म्हणे हाच हवा."

सगळ्यांच्या माना पाटाकडे वळल्या. मावशी लगेच म्हणाली, "बरोबर आहे, आपल्याला जुळेल तेच माणूस निवडतं."

मोठा हशा झाला. तीच बैठक, तेच पाटाचं ठिकाण, काही काही बायकाही त्याच. सुनेला सगळं मराठी येत नव्हतं, पण एवढं कळण्यापुरतं येत होतं. ती हसली नाही. तिनं मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत खरं काय ते मला, तिला आणि वहिनींनाच ठाऊक होतं. ती वाट बघत होती.

माझ्या तोंडात तिळगूळ होता. मी तो गिळेपर्यंत विषय बदलला होता. असं मी नंतर स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे तो केव्हाच गिळून झाला होता.

जाताना काही बायकांनी ताटल्या जिन्याच्या कठड्यावर ठेवून दिल्या. अशुभ वस्तू घरात नको म्हणून. त्या रात्री मला शांत झोप लागली, हेही खरं आहे. रुखरुख नंतर लागली, हळूहळू, आणि मग जाईना. बाजारात कुणी मराठी बाई भेटली की म्हणायची, "तुमच्या पुतणसुनेची ताटली ठेवलीय हो अजून, स्टोव्हखाली." आणि मी म्हणायची, "हो का."

दिवाळीच्या सुमारास ती माझ्याकडे आली. एकटीच, स्कूटीवर. म्हणाली, "चाची जी, मुझे सिखा दीजिए। रेज़िन।" मला तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी लगेच हातमोजे काढून दिले. शिकवणं सोपं असतं, त्यात आपण खाली बघून बोलू शकतो. वजन करून घ्यायचं, सावकाश ढवळायचं, भांड्याच्या कडा खरवडायच्या. रंग दिसतोय त्याच्या निम्माच घालायचा, कारण खोल साच्यात तो गडद होतो. तिचा हात चांगला होता. आठवड्यातून दोनदा शाळा सुटली की यायची. मी तिला गुलबक्षी शिकवला, पिस्तई शिकवला, चिंतामणी शिकवला. करडे मात्र टाळले.

एक दिवस ती माझी वाट न बघताच बसली आणि निळा-तपकिरी जिरवून तिनं स्वतःच एक करडा काढला. काळा न घालता, कारण काळ्यानं रंग मरतो असं मीच तिला सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नव्हतं. साचा भरून तिनं खोक्यात ठेवला, बल्ब लावला. मी स्वयंपाकघरात होते. परत आले तेव्हा ती झाकण हातात धरून उभी होती.

"ये तो वही है," ती म्हणाली.

मी पदराला हात पुसले.

तिनं साचा बाहेर काढून खिडकीशी धरला. परत खोक्यात ठेवला. परत बाहेर काढला. "आपको पता था?"

"हो."

"पहले से?"

"हो. करताना ठाऊक होतं."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. हातमोजे काढून तिनं नीट, बोटं सरळ करून टेबलावर ठेवले. "मम्मी जी से जो भी था आपका, वो आप जानें," ती म्हणाली. "पर बैठी तो वहाँ मैं थी न।"

मी तिला सगळं सांगितलं. माझी संक्रांत, बॅटरी, वज्री, सगळं. कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "दीदी को आपने बताया कभी? कि आपको बुरा लगा था?" दीदी म्हणजे माझी लेक. मी म्हटलं, नाही. तिनं मान हलवली आणि स्कूटीची किल्ली उचलली. पुन्हा आली नाही.

या संक्रांतीला मी माझ्या घरी हळदीकुंकू ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी ठेवलं नव्हतं. सगळ्यांना बोलावलं, मावशीलाही. वहिनी आल्या, कारण न येणं लोकांना दिसलं असतं. सुनेला घेऊन आल्या, कारण एकटीनं येणंही दिसलं असतं. वाण झाकून ठेवलं होतं. चहा झाल्यावर मी दोन ताटल्या हातात घेतल्या आणि उभी राहिले. धाकटी उभी राहून काहीतरी बोलणार, याचंच नवल वाटून सगळ्या माझ्याकडे वळल्या.

"या दोन्ही ताटल्या बघा," मी म्हटलं. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली दोन्ही सारख्याच पारव्या दिसत होत्या. मग मी ट्यूब बंद केली आणि पिवळा बल्ब लावला. एक पारवीच राहिली. दुसरी गेल्या वर्षीची झाली.

"अगंबाई!" मावशी पुढे सरकली. "ही तीच!"

"तीच. हिच्यात काळा नाही. वाणात काळा नको असं वहिनींनी सांगितलं होतं. रंगही त्यांनीच निवडला होता, साडीला जुळणारा. सूनबाई मोतिया म्हणत होती. रंग दिव्यात पडणार हे मला ठाऊक होतं. अजून पडावा म्हणून मी निळाही तसलाच घेतला. मुद्दाम. सूनबाईचा यात काही संबंध नव्हता."

वहिनींनी पदर सारखा केला. "चार बायकांत सांगायची गोष्ट होती का ही?"

"काळ्यावर काळं, हे तुम्ही चार बायकांतच म्हणाला होतात. माझ्या पहिल्या संक्रांतीला. सून शोधायला बॅटरी लागेल म्हणालात."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं, आता भांडतील, नाहीतर रडतील. दोन्हींसाठी माझी तयारी होती. त्या नुसत्या गोंधळल्या होत्या. "मी?" त्या म्हणाल्या. "असं म्हटलं होतं मी? मला नाही आठवत गं."

त्या खोटं बोलत नव्हत्या. खोटं बोलतानाचा त्यांचा चेहरा मी गेल्या वर्षी पाहिला होता, हा तो नव्हता. इतकी वर्षं मी जे जपलं होतं, ते त्यांच्याकडे मुळी कधी नव्हतंच. मला त्या क्षणी त्यांचा जितका राग आला तितका आधी कधीच आला नव्हता.

मग त्यांनी नजर वळवली आणि हलक्या आवाजात विचारलं, "आत्ताच्या वाणात काळा घातलायस?"

"घातलाय. सगळ्यांत."

वहिनींच्या शेजारी बसलेली सून उठली. मला वाटलं माझ्याकडे येते आहे. ती माझ्या हातातून दोन्ही ताटल्या घेऊन भिंतीशी गेली, बटणांजवळ. "एक साल लगा आपको, चाची जी," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. त्यात आभार नव्हते, आणि मी ते मागितलेही नव्हते.

मग तिनं ताटल्या वहिनींच्या समोर चटईवर मांडल्या, पैठणी ठेवावी तशा, शेजारी शेजारी. आणि बटणाशी परत गेली. ट्यूब लावली. बल्ब लावला. ट्यूब. बल्ब. एक ताटली तशीच राहायची, दुसरी मरायची, जिवंत व्हायची, परत मरायची. बायका माना पुढे काढून बघत होत्या. मावशी म्हणाली, "परत दाखव गं."

"बंद कर ते," वहिनी म्हणाल्या.

तिनं बंद केलं नाही. मी तिला थांबवू शकले असते, माझंच घर, माझाच दिवा. मी तिळगुळाचा डबा उघडून पुढच्या बाईकडे सरकवला.